अठ्ठ्याहत्तर किलोंचा माणूस

चिमीच्या नवऱ्याची बेकरी होती आणि त्या बेकरीत वजन केल्याशिवाय काही हलत नसे. पीठ काट्यावर, साखर काट्यावर, मीठ तर सोनाराकडे शोभावं अशा इवल्याशा काट्यावर. मळलेल्या पिठाचा गोळा तळहातावर घेऊन तो न बघता सांगायचा की हा चार ग्रॅम जास्त आहे, आणि काटाही निमूटपणे त्याचीच री ओढायचा. अशा माणसाने आयुष्यात एकच वजन चुकीचं सांगितलं. ते स्वतःचं.

पण आधी गाडीचं सांगायला हवं. पन्नाशी उलटली की पुरुषमाणसाला काहीतरी होतं. कोणी बासरी शिकायला लागतो, कोणी केस काळे करतो, कोणी पहाटे उठून पळतो आणि दुपारी गुडघा धरून बसतो. चिमीच्या नवऱ्याने एके दिवशी ट्रॉलीवर घालून एक गाडी आणली. जुनी, दोनच माणसांची, पोट जमिनीला घासेल इतकी बुटकी स्पोर्ट्‌स कार. तरुणपणी तिचा रंग लाल असावा असं काही ठिकाणी वाटायचं, काही ठिकाणी तो निळा असावा असंही वाटायचं. दार उघडलं की मिटत नव्हतं आणि शेजारच्या सीटमध्ये उंदरांनी बिऱ्हाड थाटलं होतं.

"घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं," चिमी म्हणाली.

"व्याह्याने कुठे, मीच आणलंय," नवरा म्हणाला. "एकदा नीट होऊ दे, मग बघ. ट्रॅकवर नेणार आहे."

गावाबाहेर गाड्यांच्या शर्यतींचा एक ट्रॅक होता. शर्यती नसतील त्या दिवशी कोणीही आपली गाडी घेऊन जावं, हेल्मेट घालावं आणि मन भरेपर्यंत फेऱ्या माराव्यात. बक्षीस नाही, पाठलागाला कोणी नाही, पोहोचायचं कुठेही नाही. चिमीने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, की गोल गोलच फिरायचं असेल तर बेकरीतलं पीठ मळायचं यंत्र काय वाईट आहे.

गाडी नीट करणार कोण, हा प्रश्नच नव्हता. चिमीचा थोरला भाऊ, दादा, याचं गॅरेज होतं. चिमी हे नावही त्याचंच. ती चिमणीएवढी असताना त्याने ठेवलेलं. आता ती चिमणीएवढी राहिली नव्हती, पण हे दादाला जाऊन सांगणार कोण? दादा बोलायचा कमी आणि ऐकायचा जास्त, मात्र माणसांचं नाही, इंजिनांचं. त्याच्या गॅरेजात एक पान्हा दुसऱ्या पान्ह्याला टेकलेला दिसायचा नाही. लोखंडाला लोखंड लागलेलं त्याला खपत नसे.

आणि या दादाचं गेल्या वर्षीपासून काहीतरी बिनसलं होतं. एका जुन्या गिऱ्हाइकाची गाडी ब्रेक मारला की एका अंगाला ओढायची. दादाने ती दोनदा उघडली, दोनदा बंद केली, आणि दोन्ही वेळा ती परत आली. शेवटी गिऱ्हाइकाने ती दुसरीकडे नेली आणि तिथे ती दुपारच्या जेवणाआधी सरळ झाली. गिऱ्हाईक भला माणूस, चकार शब्द बोलला नाही. बोलला असता, चार शिव्या दिल्या असत्या, तर दादाला सोपं गेलं असतं. तेव्हापासून तो नट आवळायचा, दार लावायचा, दार उघडून परत यायचा आणि तोच नट पुन्हा आवळून बघायचा. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. दादा पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागला होता.

शेजारच्या टायरवाल्याला गोदामासाठी जागा हवी होती. त्याने गॅरेजवर डोळा ठेवून बरेच दिवस झाले होते. एका रविवारी दादा चिमीला म्हणाला, "ही तुमची गाडी शेवटची बघतो. ब्रेकखाली सरळ राहिली, तर माझा हात शाबूत आहे असं समजेन. नाही राहिली, तर त्यानंतरच्या पहिल्या तारखेला टायरवाल्याला किल्ली देऊन टाकतो."

"आणि मग तू काय करशील?"

"घरी बसेन."

दादाला बसलेलं चिमीने कधी पाहिलंच नव्हतं. तो एकतर उभा असायचा, नाहीतर गाडीखाली आडवा. एकट्या घरात, भिंतीकडे तोंड करून बसलेला दादा तिच्या डोळ्यांसमोर आला आणि हा माणूस असा वर्षभरही टिकायचा नाही, हे तिला स्वच्छ दिसलं. तेव्हापासून त्या बुटक्या गाडीला ती नावं ठेवायची थांबली असं नाही, पण रविवारी चहाची किटली घेऊन सगळ्यांच्या आधी गॅरेजात तीच हजर असायची.

काम सुरू झालं. उंदरांना घर सोडायला लावण्यापासून सुरुवात होती. गाडी पार सांगाड्यापर्यंत उघडली. गंजलेला पत्रा कापून नवा जोडला. चाकांच्या मागचं सगळं रबर वितळल्या चॉकलेटसारखं झालं होतं, ते बदललं. बेकरीत चौघांवर हुकूम चालवणारा चिमीचा नवरा इथे कोपऱ्यात बसून रॉकेलच्या डब्यात नट-बोल्ट घासायचा आणि वर बोलणी खायचा.

"जावईबापू, हा बोल्ट धुतलाय की नुसता दाखवलाय रॉकेलला?"

"धुतलाय, दादा."

"मग परत धुवा. आंघोळ राहिली आहे त्याची."

इंजिनाला दोन कार्बोरेटर होते आणि दोघांनी सारखीच हवा ओढायला हवी होती. दादाची पद्धत अशी, की रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं, दुसरं कानाला लावायचं, आणि दोन्हीकडची फुसफूस एकसारखी होईपर्यंत स्क्रू फिरवत बसायचं. एकदा त्याने नळी चिमीच्या कानाला लावली आणि विचारलं, फरक कळतो का? चिमी म्हणाली, कळतो की, उजवीकडचा ह्यांच्यासारखा घोरतोय. दादाने स्क्रू थोडा फिरवला आणि नवऱ्याला सांगितलं, की हे औषध तुम्हाला लागू पडणार नाही.

सीट बसवली त्या दिवशी आणखी एक गंमत झाली. नवरा मोठ्या ऐटीत आत शिरला खरा, पण स्टिअरिंग आणि सीट यांच्यामध्ये असा काही गच्च बसला की बाहेर येईना. दादाने सीट दोन खाचा मागे सरकवली आणि त्याला हात देऊन उपसून काढला. चिमी हसून हसून बाहेर पायरीवर जाऊन बसली.

मग वजनांचा दिवस आला. गाडी चार चाकांवर उभी असली तरी चारी चाकांवर सारखा भार असतोच असं नाही. टेबलाचा एक पाय तोकडा असला की टेबल लटपटतं आणि आपण खाली कागदाची घडी सरकवतो. गाडीत ते काम स्प्रिंगखालची एक रिंग करते. ती फिरवली की तो कोपरा वर किंवा खाली होतो. चार चाकांखाली चार सपाट काटे ठेवायचे, रिंगा फिरवत भार बरोबर बसवायचा, म्हणजे ब्रेक मारल्यावर गाडी कुठल्याच अंगाला झुकत नाही. चालवणाऱ्याचं वजनही त्यात धरावं लागतं, कारण एवढ्या हलक्या गाडीत माणूस म्हणजे काही कमी सामान नाही.

दुसरा कोणी असता तर त्याने माणसालाच सीटवर बसवलं असतं. दादाला ते मान्य नव्हतं. माणूस श्वास घेतो, मान वळवतो, विनोद सांगतो, आणि काटा थरथरतो. दादा हे काम भल्या सकाळी, दार लावून, एकटाच करायचा आणि सीटवर माणसाऐवजी पोती ठेवायचा.

"जावईबापू, वजन किती तुमचं?"

नवऱ्याने एकदा दादाकडे पाहिलं, एकदा गाडीकडे, आणि चिमीकडे पाहायचं टाळून म्हणाला, "अठ्ठ्याहत्तर."

चहा ओतता ओतता चिमीच्या हातातली किटली हवेतच थांबली. अठ्ठ्याहत्तर किलोंचा नवरा तिने पाहिला नव्हता असं नाही, पण त्याला बराच काळ लोटला होता. मधल्या काळात त्याच्या विजारीचं बटण तिने स्वतःच्या हाताने दोनदा पुढे सरकवलं होतं. पण भावासमोर नवऱ्याला खोटं पाडलं असतं, तर पुढचा महिनाभर तोंड फुगवून फिरणारा माणूस तिलाच सांभाळावा लागला असता. आणि एवढ्या लोखंडाच्या गाडीला चार किलो इकडे काय अन् तिकडे काय, असं तिने मनाशी म्हटलं आणि चहा ओतला.

"पीठ तुमच्याकडचंच पाठवा," दादा म्हणाला.

बेकरीतून पंचविसाची तीन पोती आणि तीन किलोंची साखरेची पिशवी आली. ते माप मात्र ग्रॅमला ग्रॅम बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने दार लावून काय करायचं ते केलं, पोती परत पाठवली आणि निरोप दिला, की छान बसली आहे.

आणि मग थांबावं लागलं. ट्रॅकवर नवं डांबर घालायचं निघालं. थंडी आली, लांबली, पण डांबर काही संपेना. गाडी गॅरेजात कापडाखाली तयार उभी, आणि दादा रोज सकाळी ते कापड उचलून बघायचा आणि पुन्हा टाकायचा.

त्याच दिवसांत चिमीच्या नवऱ्याने पाव खाणं सोडलं. मग केक सोडला. बेकरीवाल्याने केक चाखायचा सोडला तर केक कसा झालाय हे कळणार कसं, तर म्हणे वासावरून. संध्याकाळी तो चालायला जायचा, रात्री उकडलेल्या भाज्यांकडे बघत बसायचा. चिमीने विचारलं तर म्हणाला, ट्रॅकवर घालायचा सूट नीट बसायला हवा.

"त्या सुटात दोघं मावतील एवढा मोठा आणलाय तुम्ही," चिमी म्हणाली. "दुसरी कोण येणार आहे ते तरी सांगा."

गंमत म्हणजे एकीकडे हा माणूस वाळत चालला होता आणि दुसरीकडे रविवारी गॅरेजात जाताना अंगात दोन-दोन स्वेटर चढवत होता. का, तर थंडी वाजते. तीस वर्षं भट्टीसमोर भाजून निघालेल्या माणसाला थंडी वाजायला लागली म्हणजे आता म्हातारपण आलंच, असं म्हणून चिमीने तेही हसण्यावारी नेलं. पण एकदा तिने त्याच्याही नकळत त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला होता. ताप नव्हता.

अखेर ट्रॅक उघडला. महिना संपत आला होता.

गाड्या सोडतात त्या जागी हेल्मेटं घातलेली बरीच मोठी माणसं लहान मुलांसारखी रांगेत उभी होती. चिमीचा नवरा, सुटाच्या आत स्वेटर आणि स्वेटरच्या आत आणखी एक स्वेटर, गाडीत जाऊन बसला. या वेळी अडकला नाही. दादा आणि चिमी लांबच्या सरळ रस्त्याच्या टोकाला, कुंपणाबाहेर जाऊन उभे राहिले. तिथे सगळ्यांना जोरात ब्रेक मारूनच वळावं लागे. गाडीचं पाणी तिथेच कळणार होतं.

आधी आवाज आला. चिमीला गाड्यांतलं काही कळत नव्हतं, पण तो आवाज ऐकून तिलाही छान वाटलं. मग गाडी दिसली, धाकट्या भावंडासारखी मोठ्या गाड्यांच्या मागे मागे धावत येणारी. ब्रेकची जागा आली. गाडीचं नाक खाली गेलं, आणि चालवणाऱ्याच्या बाजूचं पुढचं चाक फिरायचंच थांबलं. चर्रकन आवाज झाला, निळसर धूर निघाला, आणि गाडी एका अंगाला झुकत कशीबशी वळणातून गेली.

"नाचता येईना अंगण वाकडं," चिमी घाईने म्हणाली. "ह्यांना चालवता येत नाही, दुसरं काय."

"नाही. त्यांचा पाय चांगला आहे," दादा म्हणाला. "चाक अडतंय."

पुढच्या फेरीला तेच. त्याच्या पुढच्या फेरीलाही तेच. गाडी परत आल्यावर दादाने चाक काढलं, ब्रेक उघडला, नळीतली हवा काढली, टायरमधली हवा मोजली. सगळं जिथल्या तिथे होतं. पुन्हा सोडली. पुन्हा तेच चाक, तोच धूर.

दादा गाडीजवळ आला, खाली बसला, आणि एकेक पान्हा फडक्याने पुसून पेटीत ठेवायला लागला. अजून एकदा गाडी सोडायची पाळी बाकी होती, आणि तो पेटी आवरत होता.

"दादा, काय झालं?"

"काही नाही," तो म्हणाला. "कळलं."

चिमीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग ती तिथे थांबली नाही. नवरा शेडच्या मागे टायरच्या ढिगावर, हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होता.

"अहो, दादाला तुम्ही वजन काय सांगितलं होतं?"

"अठ्ठ्याहत्तर."

"आणि होतं किती?"

त्याने हेल्मेटची काच अंगठ्याने पुसली. "एकोणनव्वद."

"अकरा किलो," चिमी म्हणाली. "बेकरीत चार ग्रॅमसाठी पोरांना ओरडता. तुमच्या अकरा किलोंपायी माझ्या भावाचं गॅरेज जातंय. आणि मी मेली तिथे चहा ओतत उभी होते."

"तसं नाही गं. मी ते खरं केलं."

"काय खरं केलं?"

"वजन. आज सकाळी पिठाच्या काट्यावर उभा राहिलो होतो, कपड्यांनिशी. बरोबर अठ्ठ्याहत्तर." त्याचा आवाज पडला. "मला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण दादा म्हणाले छान बसली आहे, आणि किती महिन्यांनी त्यांनी असं काही म्हटलं होतं. आता खोटं बोललो म्हणून सांगितलं, तर ते सगळं पुन्हा उघडणार, पुन्हा शंका घेत बसणार. त्यापेक्षा म्हटलं, गाडी आहे तशी राहू दे, मीच तेवढा होतो."

"आणि ते स्वेटर?"

"बारीक दिसलो असतो तर दादांनी पुन्हा वजन विचारलं असतं."

चिमी त्याच्याकडे बघत राहिली. सुटाच्या कॉलरमधून त्याची मान किती बारीक दिसत होती ते तिला आत्ता दिसलं. इतके महिने हा माणूस तिच्या भावासाठी उपाशी राहिला होता आणि ती त्याला दुसरी कोण म्हणून विचारत होती. तिला त्याचा राग आला, हसू आलं, आणि त्याच्यावर मायाही आली.

पण लगेच तिच्या लक्षात आलं, की ही काही चांगली बातमी नव्हती. खोटं वजन हे कारण असतं तर दादा सुटला असता. वजन खरं झालं होतं, म्हणजे आता कारण उरलंच नव्हतं. उरला होता फक्त दादाचा हात.

"चला," ती म्हणाली.

"कुठे?"

"दादाला सांगायला."

"अगं, पण आता ते खोटं नाही ना राहिलं."

"नसेना का. त्याने गाडीतलं सगळं तपासलं. एवढं एकच तपासलं नाही, कारण ते आपण दोघांनी लपवून ठेवलं. तेही त्याच्या पुढ्यात ठेवू. मग काय ते होऊ दे."

दादा पेटीचं झाकण लावत होता. नवऱ्याने त्याच्यासमोर उभं राहून, शाळेत उभं केल्यासारखं, सगळं सांगितलं. अठ्ठ्याहत्तर, एकोणनव्वद आणि पुन्हा अठ्ठ्याहत्तर. दादा ऐकत राहिला. त्याच्या हातातलं फडकं थांबलं.

"आज किती?"

"अठ्ठ्याहत्तर. पक्के."

"स्वेटर काढा."

नवऱ्याने सूट कमरेपर्यंत उतरवला आणि एकावर एक दोन्ही स्वेटर काढले. दादा त्याच्याभोवती फिरला, विकत घ्यायच्या गाडीभोवती फिरावं तसा. मग तो पेटीवर जाऊन बसला. त्याने तोंडावर दोन्ही हात धरले आणि त्याचे खांदे हलायला लागले. चिमी घाबरून पुढे झाली. पण दादा हसत होता. कितीतरी दिवसांनी हसत होता आणि ते त्याला नीट जमतही नव्हतं.

"मी एकोणनव्वदच धरले होते," तो म्हणाला.

दोघांना काही कळेना.

"अहो बापू, तुम्हाला मी ह्या हातांनी सीटमधून उपसलंय. तुम्ही अठ्ठ्याहत्तर म्हणालात आणि हिच्या हातातली किटली थांबली, तेही बघितलं. सकाळी तीन पोती ठेवली, साखर ठेवली, लांब जाऊन बघितलं. छे, हे काही आमचे जावई नव्हेत. मग माझी लहान ऐरण ठेवली. तरी कुठेतरी कमी वाटत होतं, म्हणून वर एक हातोडा ठेवला. तेव्हा कुठे मनाला पटलं, की आता बसलेत बापू. मग सगळं मिळून वजन केलं, तर एकोणनव्वद."

"मग बोलला का नाहीस?" चिमीने विचारलं.

"बहिणीच्या नवऱ्याला तोंडावर लबाड म्हणू?"

"आणि नंतर हे वाळत गेले ते नाही दिसलं?"

"दोन स्वेटरांतून काय दिसणार? मला वाटलं, अंगाने तेवढेच आहेत, फक्त थंडी जास्त वाजतेय." दादाने डोळे पुसले. "म्हणजे गाडी एकोणनव्वद धरून बसवलेली, आणि आत बसणारा अठ्ठ्याहत्तर. त्या बाजूला भारच नाही. चाक अडणार नाही तर काय होणार."

चिमीचा नवरा मात्र अजून मागेच अडकला होता. "थांबा. तुम्ही नुसतं बघून ऐरण आणि हातोडा ठेवलात?"

"हो."

"आणि ते बरोबर माझ्याइतके झाले. किलोला किलो."

"तसंच म्हणायचं."

"दादा, मी तीस वर्षं वजनं करतोय," नवरा म्हणाला. "मला पिठाचा गोळा कळतो, कारण तो हातात येतो. अख्खा माणूस, तोही खोटं सांगणारा, असा नजरेने तोललेला मी आजवर बघितला नाही."

दादाने आपले काळे पडलेले हात उलटे केले, सुलटे केले.

"तुझा हात कुठेही गेलेला नाही, दादा," चिमी म्हणाली. "आम्हीच तुला फसवत होतो. तिघांनी मिळून एका माणसाचं वजन सांभाळलं आणि त्यात गाडी सोडून सगळ्यांची लाज राखली."

"ते अजून ठरायचंय," दादा म्हणाला, आणि त्याने पेटी पुन्हा उघडली.

काटे गॅरेजात होते. इथे होते ते फक्त पान्हे आणि हात. दादाने बापूंना सीटवर बसवलं, स्वेटर न घालता, आणि श्वास रोखू नका म्हणून सांगितलं. मग त्याने गाडीचा एकेक कोपरा तळहाताने दाबून सोडला, ती कशी उठते ते पाहिलं, पुन्हा दाबली. खाली झोपून त्याने एक रिंग फिरवली, मग समोरची.

"किती फिरवलीस?" चिमीने वाकून विचारलं.

"एक फेरा आणि वर थोडी."

"थोडी म्हणजे?"

"थोडी म्हणजे थोडी. तू आता बाजूला हो."

शेवटच्या पाळीला गाडी सुटली. दोघं पुन्हा कुंपणाशी आले, पण दादा ट्रॅककडे पाठ करून उभा राहिला. "तू बघ," तो म्हणाला. "मला सांग."

आवाज जवळ आला. चिमीने कुंपणाची जाळी दोन्ही हातांनी धरली. गाडी आली, नाक खाली गेलं, चारी चाकं फिरत राहिली. धूर नाही, आवाज नाही. आखलेल्या रेघेवरून जावी तशी गाडी सरळ थांबत आली आणि वळणात शिरली.

"काय?" दादाने विचारलं.

"सरळ," चिमी म्हणाली.

"पुन्हा येऊ दे."

पुन्हा आली. पुन्हा सरळ. तिसऱ्या वेळी दादा स्वतःच वळला, आणि ती गाडी ब्रेकची जागा ओलांडून वळणाआड जाईपर्यंत बघत राहिला.

नवरा परत आला तो घामाने निथळत होता, आणि हेल्मेट काढल्याबरोबर त्याने कोणाकडे काही खायला आहे का ते विचारलं. चिमीने डबा उघडून पाव पुढे केला. त्याने हात पुढे केला, थबकला आणि दादाकडे पाहिलं.

"खा," दादा म्हणाला. "पण ठरवून खा. आज रिंग अंदाजाने फिरवली आहे, ती काट्यावर बघायला हवी. आणि ह्या वेळी पोती नकोत. तुम्ही स्वतः बसा."

"मी हललो, बोललो तर?"

"बोला. मी थांबेन."

"मग कधी आणू गाडी?"

दादा चाकाला टेकून उभा होता. त्याने थोडा विचार केला. "पुढच्या महिन्यात आणा. कुठल्याही दिवशी. मी गॅरेजातच असेन."

हे शब्द ऐकले मात्र, चिमीने डबा नवऱ्याच्या हातात कोंबला आणि पिशवीतून फोन काढला. "टायरवाल्याला मीच सांगते, दुसरी जागा बघ म्हणून," ती म्हणाली, आणि भावाने काही म्हणायच्या आत बोलत बोलत लांब गेली. तिथून तिने एकदा मागे वळून पाहिलं. दादा गाडीखाली आडवा झाला होता, आणि नको म्हणायला तो काही बाहेर आला नाही.